निराधारांचें अनुदान व खातेदारांचें कर्तव्य

आपल्या मासिकांत बियाणें, खतें, जनावरांचे रोग, बाजारभाव इत्यादि विषयांवर नेहमीं विवेचन येतें, व तें योग्यच आहे. परंतु ज्या गांवांत आपण शेती करितों त्या गांवांत केवळ खातेदारच राहतात असें नाहीं. ज्याच्या नांवें गुंठाभर जमीन नाहीं असा मजूर, पति वारल्यावर दिराच्या ओसरीवर दिवस काढणारी विधवा, ज्याचीं मुलें पुण्या-मुंबईकडे निघून गेलीं असा वृद्ध, जन्मतः अंध असलेला मुलगा, हीं सर्व माणसेंहि त्याच गांवचीं आहेत. त्यांच्यासाठीं सरकारनें कांहीं तरतूद करून ठेविली आहे. ती तरतूद कोणती, त्यांच्यापर्यंत पोंचतांना ती कोठें अडते, आणि तिच्याशीं आपणां खातेदार मंडळींचा संबंध काय, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. लेखकाचें आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत गेलें असल्यामुळें पुढील विवेचन बव्हंशीं दप्तराच्या अंगानें होईल. परंतु गरिबाचा घांस हल्लीं दप्तराच्या वाटेनेंच येतो, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानीं घ्यावी.

मदतीचे दोन मार्ग

दुष्काळांत रयतेस जगविण्याची जबाबदारी सरकारावर आहे, हें तत्त्व इंग्रजी अमलांत १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर तयार झालेल्या दुष्काळसंहितांनीं लेखी मान्य केलें. त्या संहितांत गरजवंतांचे दोन वर्ग केलेले असत. ज्याचे हातपाय चालतात त्यास काम देऊन मजुरी द्यावी. आणि जो वृद्ध, अंध, पंगु किंवा रोगी आहे त्यास काम न सांगतां गांवांतच मदत द्यावी. आपला मराठवाडा त्या काळीं निजामाच्या राज्यांत होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं तो मुक्त झाला, १९५६ सालीं द्विभाषिक मुंबई राज्यांत आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रांत आहे. राज्यें बदललीं, परंतु वरील दोन वर्गांची विभागणी आजतागायत सर्व योजनांच्या मुळाशीं तशीच आहे.

१९७२ चा दुष्काळ ज्यांनीं सोसला असे वृद्ध अजून गांवोगांवीं भेटतात. खडी फोडण्याचीं व तलावांचीं कामें, आणि त्या कामांवर मिळणारी सुकडी यांची आठवण ते सांगतात. १९७३ च्या उन्हाळ्यांत राज्यांतील दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसें होतीं. विधानपरिषदेचे सभापति वि. स. पागे यांनीं १९६५ सालीं तासगांव भागांत ज्या कल्पनेचा प्रयोग केला होता, ती रोजगार हमीची कल्पना या दुष्काळानें सर्व राज्यांत नेली. पुढें १९७७ सालीं कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलांत आला. खर्चासाठीं १९७५ च्या कायद्यानें नोकरदार व व्यावसायिक यांच्यावर व्यवसायकर बसविण्यांत आला. म्हणजे शहरच्या मिळकतींतून खेड्यांतील रिकाम्या हातांस काम मिळावें अशी ही योजना होती. केंद्र सरकारनें २००५ सालीं याच धर्तीवर सर्व देशासाठीं कायदा करून ग्रामीण कुटुंबास वर्षांतून १०० दिवसांच्या कामाची हमी दिली. डिसेंबर २०२५ मध्यें संसदेनें त्याच्या जागीं दुसरा कायदा संमत केला असून त्यांत १२५ दिवस सांगितले आहेत.

या पहिल्या मार्गाचा लाभ खातेदारांनींहि भरपूर घेतला आहे. बांधबंदिस्ती, विहिरी, शेतरस्ते, आणि १९९० पासून रोजगार हमीशीं जोडलेली फळबाग लागवड हीं सर्व त्याच निधींतून झालीं. दुसरा मार्ग मात्र ज्याचे हात चालत नाहींत त्याच्यासाठीं आहे, व त्याच्याविषयीं आपल्या चर्चांत फारसें बोललें जात नाहीं. राज्य सरकारनें १९८० सालीं संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू केली. केंद्र सरकारनें १५ ऑगस्ट १९९५ पासून राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रम सुरू केला. तहसील कचेरींत ‘संजय गांधी शाखा’ या नांवानें जें टेबल असतें, त्याच्या पुढ्यांत या दोन्ही प्रवाहांचे कागद येऊन पडतात.

योजनांचें स्वरूप

निराधार अनुदान योजनेंत १८ ते ६५ वर्षें वयाचे निराधार स्त्रीपुरुष, दिव्यांग, विधवा, घटस्फोटित व परित्यक्ता स्त्रिया, क्षय, कर्करोग, कुष्ठ अशा रोगांनीं जर्जर झालेले लोक, अनाथ मुलें, तसेंच आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरांतील स्त्रिया येतात. ६५ वर्षें व त्यावरील वृद्धांसाठीं श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना आहे. जे वृद्ध दारिद्र्यरेषेखालील यादींत आहेत त्यांच्या रकमेंत केंद्राचा वांटा मिसळलेला असतो. तो वांटा ८० वर्षांखालील वृद्धामागें महिन्यास २०० रुपये व त्यापुढें ५०० रुपये इतकाच असून उरलेला भार राज्य सोसतें.

मासिक रक्कम २०१९ पूर्वीं ६०० रुपये होती. २०१९ सालीं ती १,००० व जुलै २०२३ पासून १,५०० झाली. दिव्यांगांसाठीं २०२५ सालीं ती २,५०० करण्याचा निर्णय झाला. अर्ज तहसील कचेरींत जातो व तालुका समितीपुढें मंजुरीस येतो. तहसीलदार त्या समितीचे सचिव असतात.

याखेरीज दारिद्र्यरेषेखालील घरांतील १८ ते ५९ वर्षें वयाचा मिळवता माणूस वारल्यास राष्ट्रीय कुटुंबलाभ योजनेखालीं वारसास एकदाच २०,००० रुपये मिळतात. मृत्यु नैसर्गिक असो वा अपघाती, दोन्ही प्रसंगीं ही मदत आहे. तिचा अर्जहि तहसील कचेरींतच द्यावयाचा असतो. पुष्कळ घरीं दिवसकार्य उरकतें, कर्ज होतें, आणि अशी मदत आहे हें वर्षानंतर कळतें.

धान्याच्या बाबतींत अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा असून आपल्या राज्यांत तो फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. अंत्योदय कुटुंबास महिन्यास ३५ किलो व प्राधान्य कुटुंबांतील प्रत्येक माणसास ५ किलो धान्य असें त्याचें मान आहे. आपल्या दृष्टीनें याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, २०१५ च्या ऑगस्टपासून मराठवाड्यांतील सर्व जिल्हे, अमरावती विभागांतील पांच जिल्हे व वर्धा अशा १४ जिल्ह्यांत दारिद्र्यरेषेवरील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांसहि स्वस्त धान्य देण्यांत आलें. २०२३ सालापासून धान्याऐवजीं माणशीं महिना १५० रुपये, व पुढें १७० रुपये, बँकेच्या खात्यांत देण्याची पद्धति सुरू झाली. या चौदांत नांदेड व लातूर हे दोन्ही जिल्हे आहेत. सातबारा असूनहि शेतकऱ्याच्या चुलीस आधार लागतो, हें सरकारनेंच यांत मान्य केलें आहे. मग मदत घेणाऱ्यास कमी लेखण्याचा आपणांस अधिकार कोणता?

आजारपणासाठीं जी योजना आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नांवानें चालते, ती जुलै २०१२ मध्यें प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत नांदेड होतें. घरें निराधार होण्याचीं जीं कारणें दप्तरांत दिसतात त्यांत मोठ्या दुखण्याचें कारण वारंवार येतें. म्हणून या योजनेचीहि माहिती प्रत्येक घरीं असावी.

उत्पन्नाच्या मर्यादेचा घोळ

आतां मुख्य अडचणीकडे वळूं. निराधार व श्रावणबाळ या योजनांस कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये ठेवण्यांत आली; दिव्यांगांसाठीं ती ५०,००० आहे. २०२३ सालीं अनुदानाची रक्कम वाढली, पण मर्यादा तीच राहिली. २१,००० म्हणजे महिन्यास १,७५० व दिवसास साडेसत्तावन रुपये. २०२५-२६ सालीं महाराष्ट्रांत रोजगार हमीची मजुरी दिवसास ३१२ रुपये होती. त्या हिशेबानें एखाद्या विधवेनें सरकारच्याच कामावर ६८ दिवस माती उपसली तर तिचें उत्पन्न २१,२१६ रुपये होतें व ती मर्यादेबाहेर जाते. हमीचे पुरे १०० दिवस काम केलें तर ३१,२०० रुपये होतात. म्हणजे एका कायद्यानें जेवढें काम देण्याचें वचन दिलें, तेवढें केलें असतां दुसऱ्या योजनेच्या लेखीं ती स्त्री गरीब राहत नाहीं.

दुसऱ्याहि मर्यादा पाहाव्या. धान्याच्या प्राधान्य यादीसाठीं खेड्यांत ४४,००० रुपयांची मर्यादा ठरली. २०२४ च्या जुलैपासून सुरू झालेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेंत २१ ते ६५ वर्षें वयाच्या स्त्रियांस महिन्यास तेच १,५०० रुपये देण्याचें ठरलें, व तेथें कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची होती. त्या योजनेवर टीका करण्याचा हेतु येथें नाहीं. संसार करणाऱ्या स्त्रीच्या हातीं स्वतःचे म्हणून चार पैसे येणें चांगलेंच. परंतु अडीच लाख मिळविणाऱ्या घरांतील स्त्री आणि सर्वस्वीं निराधार विधवा या दोघींस रक्कम एकच, आणि दारांत शिरण्याची चौकट मात्र एकीची बारापट रुंद, ही विसंगति कोणाहि हिशेबी माणसाच्या डोळ्यांत भरेल.

या विसंगतीचा परिणाम गांवांत काय होतो? मर्यादा इतकी खालीं असल्यामुळें खरें उत्पन्न सांगणारा गरीब बाहेर राहतो. म्हणून दाखल्यावर २१,००० चा आंकडा आणणें हाच एक उद्योग होऊन बसतो. ज्याच्या घरीं लिहिणारा-वाचणारा आहे, ज्याची कचेरींत ओळख आहे, त्यास तो आंकडा मिळतो. ज्याला कोणी नाहीं त्याला तो मिळत नाहीं. निराधार या शब्दाचा अर्थच ज्यास कोणाचा आधार नाहीं असा असल्यामुळें, जो सर्वांत अधिक निराधार तोच यादींत सर्वांत शेवटीं येतो. मर्यादा वाढवावी अशी मागणी शेतकरी संस्थांनीं जरूर करावी. परंतु ती वाढेपर्यंत आपल्या हातीं काय आहे, हा प्रश्न उरतोच.

कागद कोठें अडतो

महसूल दप्तराचा अनुभव असा आहे कीं, पुष्कळ अर्ज अपात्रतेमुळें नव्हे, तर अपुऱ्या कागदांमुळें पडून राहतात. त्यांपैकीं ठळक कारणें येथें देतों.

वयाचा पुरावा हें पहिलें कारण. ज्या वृद्ध स्त्रीनें शाळेचें तोंड पाहिलें नाहीं तिचा जन्म कोणत्या नोंदवहींत सांपडणार? वस्तुतः नियम इतका कठोर नाहीं. जन्मनोंदीचा उतारा किंवा शाळेचा दाखला नसल्यास शिधापत्रिकेंतील किंवा मतदारयादींतील वय, अथवा सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा वयाचा दाखला चालतो. हें ठाऊक नसल्यानें कित्येक म्हाताऱ्या दोन-दोन वर्षें हेलपाटे घालतात.

दुसरें कारण नांवांतील फरक. माहेरचें नांव आधारपत्रावर, सासरचें शिधापत्रिकेवर, आणि बँकेंत तिसरेंच. देगलूर, बिलोली, धर्माबाद या तालुक्यांचें सोयरपण तेलंगणाशीं व निलंगा, देवणी, उदगीर यांचें बीदरकडे असल्यामुळें आपल्याकडे ही अडचण अधिक आहे. त्यांतच राज्यांत १५ वर्षांच्या रहिवासाची अट आहे. सीमेपलीकडून सून म्हणून आलेल्या स्त्रीची सर्व हयात येथें गेली तरी कागदांवर ती परकी दिसते. तिच्या रहिवासाची साक्ष गांवानें दिली नाहीं तर कोणी द्यावी?

तिसरें कारण हयातीचा दाखला. लाभार्थ्यानें आपण जिवंत असल्याचा दाखला दरवर्षीं द्यावा लागतो. मुखेड, कंधार, लोहा, जळकोट या डोंगराळ पट्ट्यांतील व तांड्यांवरील कितीतरी कुटुंबें दिवाळीनंतर ऊसतोडीस किंवा हैदराबादेकडे जातात आणि नातवंडें सांभाळण्यास म्हातारीं माणसेंहि बरोबर नेतात. दाखल्याची मुदत टळली कीं अनुदान थांबतें. माणूस फडांत पाचटाच्या खोपींत जिवंत असतो आणि दप्तरांत मात्र गेलेला असतो.

चौथें कारण बँकेचें खातें. अनुदान हल्लीं आधार क्रमांकास जोडलेल्या खात्यांत थेट जमा होतें. एका माणसाचीं दोन-तीन खातीं असल्यास पैसे आधारशीं सर्वांत शेवटीं जोडलेल्या खात्यांत जातात. म्हातारा जुनें पुस्तक घेऊन बँकेंत जातो, शिल्लक पाहून ‘अनुदान बंद झालें’ असें समजतो व परत येतो. पैसे दुसऱ्या बँकेंत सांठत असतात. आयुष्यभर खुरपें धरलेल्या हाताचे ठसे यंत्रावर उमटत नाहींत, ही आणखी एक नित्याची तक्रार.

आपलें घर सुरक्षित आहे काय?

येथवर वाचून कोणी खातेदार म्हणेल, ‘हें सर्व मजुरांचें झालें, आम्हांस त्याचें काय?’ त्यास उत्तर असें कीं, खातेदाराचें घर व निराधाराचें घर यांत पुष्कळदां एका फेरफाराचेंच अंतर असतें.

गांवचा आठ-अ उघडून पाहावा. निम्म्या घरीं जमीन अजून आजोबांच्या किंवा वडिलांच्या नांवें आहे. वडील वारून दहा वर्षें झालीं तरी वारसनोंद नाहीं. वास्तविक महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणें वारसानें तीन महिन्यांच्या आंत तलाठ्यास वर्दी द्यावयाची असते. तलाठ्यास २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी असें नांव मिळालें आहे, काम तेंच आहे. नोंद न करण्याचीं कारणें नेहमींचीं: भावांत एकमत नाहीं, बहिणींचीं नांवें लागतील, खर्च नको, पुढें पाहूं. आणि हें ‘पुढें’ येण्यापूर्वींच एखादा भाऊ विजेनें, सर्पदंशानें किंवा मोटारीचा शॉक लागून जातो.

अशा प्रसंगासाठीं २०२३ सालापासून गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. मृत्यूबद्दल कुटुंबास दोन लाख रुपये मिळतात व तालुका कृषि अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत प्रस्ताव द्यावा लागतो. वय १० ते ७५ असावें. परंतु लाभ कोणास? खातेदारास, व त्याच्या कुटुंबांतील ज्याचें खातें नाहीं अशा एका माणसास. म्हणजे एका खात्यामागें दोघांस. वडिलांच्या एका खात्यावर तीन विवाहित मुलगे कसत असतील तर त्या तिघांपैकीं फार तर एकाचेंच घर या छत्राखालीं येतें. वांटणी करून तिघांचीं खातीं वेगळीं झालीं असतीं तर प्रत्येकाचें घर त्याखालीं आलें असतें. सातबाऱ्यावरील नांव म्हणजे केवळ मानाची गोष्ट नव्हे, हें यावरून दिसेल.

याहून दुःखद प्रसंग शेतकऱ्याच्या आत्महत्येचा. २३ जानेवारी २००६ च्या शासन निर्णयाप्रमाणें पात्र कुटुंबास एक लाख रुपये देण्याचें ठरलें. त्यांतील ३०,००० रोख व ७०,००० ठेवींत. पात्रता जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिति ठरविते व जमीन कुटुंबाच्या नांवें आहे काय, मान्य संस्थेचें कर्ज थकलें होतें काय, या गोष्टी पाहाते. सावकाराकडून हातउसना घेतलेला पैसा त्या कागदांत येत नाहीं. बटाईनें कसणारा तर कोठेंच येत नाहीं. कारण १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट कायद्याच्या धास्तीनें कोणताहि मालक त्याचें नांव कागदावर येऊं देत नाहीं. जमीन दुसऱ्याची, घाम त्याचा, आणि मागें राहिलेल्या बायकोजवळ मात्र कोरा कागद, अशी ही स्थिति आहे. मालकांनीं आपल्या हक्कास बाध न येतां काय करतां येईल याचा विचार करणें हें शेतकरी संस्थांचेंच काम आहे.

विधवेचा हक्क १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यानें मुलांच्या बरोबरीचा आहे. २००५ च्या दुरुस्तीनें मुलीहि जन्मतः सहदायाद झाल्या. तरी ‘तिला काय करावयाची जमीन, आम्ही सांभाळतों’ असें म्हणून तिची सही घेण्यांत येते, आणि पुढें तीच तहसीलच्या व्हरांड्यांत निराधार म्हणून अर्ज घेऊन बसते. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेनें १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची चळवळ करून पत्नीच्या नांवें जमीन लावण्याचें आवाहन केलें व अनेक गांवांनीं तें मानलें. ज्या घरीं पत्नीचें नांव सातबाऱ्यावर आहे, त्या घरच्या विधवेस हक्कासाठीं दिराच्या तोंडाकडे पाहावें लागत नाहीं.

कांहीं आक्षेप

पहिला आक्षेप असा कीं, फुकट पैशानें मजूर आळशी होतात व शेतीस माणूस मिळत नाहीं. १,५०० रुपये म्हणजे दिवसास पन्नास रुपये. एवढ्यावर कोणतेंहि धडधाकट माणूस घरीं बसून राहणार नाहीं. शिवाय हें अनुदान ६५ वर्षांच्या वृद्धास, अंधास, रोग्यास आहे. त्यांपैकीं कोण आपल्या सोयाबीनच्या काढणीस येणार होतें? रोजगार हमीच्या कामांनीं हंगामांत मजूर ओढले जातात, ही तक्रार वेगळी आहे. २०२५ च्या नव्या कायद्यांत पेरणी-काढणीच्या काळांत वर्षास ६० दिवसांपर्यंत कामें थांबविण्याची तरतूद आहे. या तरतुदीनें मालकाची सोय होईल. परंतु त्या दिवसांत मजुरास योग्य मजुरी देण्याचा भारहि मालकावरच येतो, हें विसरूं नये.

दुसरा आक्षेप, यादींत खोटे लाभार्थी फार. हें कांहीं अंशीं खरें आहे. परंतु खोटी यादी कचेरींत जन्मत नाहीं. पंचनाम्यावर सह्या गांवच्या असतात, रहिवासाची साक्ष गांवची असते, उत्पन्नाचा जबाब गांवांत होतो. चार एकर बागाइत असतां आपल्या आईस निराधार ठरविणारा मुलगा आणि त्यावर पंच म्हणून सही करणारा शेजारी, हे दोघेहि आपल्यांतलेच असतात. ज्या तालुका समितीपुढें शेंकडों अर्ज येतात तिला खरा-खोटा निवडतां येत नाहीं. गांवाला तो पहिल्यापासून ठाऊक असतो.

तिसरा आक्षेप, हें काम सरपंचाचें व कचेरीचें, आमचें नव्हे. कायद्याच्या दृष्टीनें हें बरोबर आहे. परंतु ज्याला अर्ज वाचतां येतो तोच त्याचा उपयोग करूं शकतो, आणि आपलें मासिक वाचणारा प्रत्येक मनुष्य वाचूं शकतो.

काय करावें

या सर्व विवेचनाचा उपयोग व्हावा म्हणून कांहीं सोप्या गोष्टी सुचवितों.

१. ग्रामसभेंत वर्षांतून एकदां तरी निराधार व श्रावणबाळ योजनांच्या लाभार्थ्यांची यादी मोठ्यानें वाचवून घ्यावी. जें नांव नको तें आणि जें नांव हवें तें, दोन्ही तेथेंच कळतात.

२. आपल्या घरच्या कमी उत्पन्नाचा खोटा दाखला घेऊं नये, व दुसऱ्याच्या खोट्या जबाबावर पंच म्हणून सही करूं नये. खऱ्या गरजवंताच्या रहिवासाची व परिस्थितीची साक्ष मात्र आपण होऊन द्यावी.

३. ऊसतोडीस जाणाऱ्या वृद्धांचे हयातीचे दाखले गांव सोडण्यापूर्वीं करतां येतील काय याची चौकशी करून ते करवून घ्यावेत. न झाल्यास कोणी तरी मुदतीची आठवण ठेवून निरोप धाडावा.

४. अनुदान थांबलें अशी तक्रार आल्यास प्रथम आधार कोणत्या खात्यास जोडलेलें आहे तें बँकेंत किंवा सेवा केंद्रांत पाहावें. पुष्कळ तक्रारी येथेंच मिटतात.

५. प्रत्येक अर्जाची पोंच घ्यावी व ती अर्जदारापाशीं शिधापत्रिकेसोबत ठेवावी. अर्ज नामंजूर झाल्यास कारण लेखी मागावें. तोंडी ‘होत नाहीं’ या उत्तरावर परतूं नये. दाखले देण्याच्या मुदती २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानें ठरविल्या आहेत व उशीर झाल्यास अपिलाची सोय आहे.

६. घरांत मृत्यु झाल्यास तीन महिन्यांत वारसनोंद करावी. विधवेचें व मुलींचें नांव वगळूं नये. अपघाती मृत्यूंत शवविच्छेदन व पोलीस पंचनामा टाळूं नये. पुढें मदत मिळणें त्यावरच अवलंबून असतें.

७. आपल्या संस्थेच्या शाखांनीं आठवडी बाजारच्या दिवशीं एका झाडाखालीं टेबल मांडून दोन लिहिते तरुण बसवावेत. खताच्या परवान्यापासून विम्याच्या अर्जापर्यंत खातेदाराचीं कामें ते करितातच. त्यांतच निराधारांचे अर्ज भरून द्यावेत. यास पैसा लागत नाहीं, फक्त वेळ लागतो.

पूर्वीं खळ्यावर रास झाली कीं बलुतेदारांचा व अपंग-निराश्रितांचा वांटा काढल्याशिवाय धान्य घरीं नेण्याची रीत नव्हती. खळीं गेलीं, मळणीयंत्रें आलीं, व तो वांटा आतां सरकारच्या तिजोरींतून निघतो. परंतु वांटा निघाला म्हणजे तो पोंचला असें नव्हे. तो ज्याचा त्यास नेऊन देण्याचें काम अजून गांवाकडेच आहे, आणि गांवांत तें जाणत्या खातेदारांकडे आहे. या महिन्यांत आपल्या वाडीवस्तीवरील एका तरी वृद्धाचें किंवा विधवेचें बँकेचें पुस्तक प्रत्येक वाचकानें स्वतः उघडून पाहावें, एवढीच विनंती आहे.